गच्चीवरची शेगडी

माझ्या सासऱ्यांची गच्ची सोलापूरच्या वकील मंडळींत माहितीची होती. खाली रस्त्याला लागून कचेरी, मागं स्वयंपाकघर, वर दिवाणखाना आणि निजायच्या खोल्या, आणि दिवाणखान्याच्या दारातून बाहेर पडलं की शहाबादी फरशीची लांबरुंद उघडी गच्ची. कोर्ट सुटल्यावर सासरे अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून तिथं येऊन बसत. मग एकेक मंडळी जमत. सोलापूरच्या उन्हाळ्यात ती जागा म्हणजे सुख होतं. दिवसभर तापलेल्या भिंतींतून सुटका करून घ्यायला माणसं बोलावल्याशिवाय येत. पानाचं तबक फिरे, पत्ते पडत, कोर्टातल्या गमती निघत. गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला, की त्याच्या आवाजात बोलणं थोडा वेळ बंद पडे आणि पुन्हा सुरू होई.

मी त्या घरात घरजावई होतो.

माझं गाव मंगळवेढ्याच्या बाजूला. वडील देवळाची पूजा करत आणि जमेल तसं मुलांना शिकवत. मी सोलापुरात वार लावून जेवून मॅट्रिक झालो. ज्या घरांत माझे वार होते, त्यांतलंच एक हे वकिलांचं. त्यांना एकच मुलगी. मी परीक्षा पास झालो त्या वर्षी त्यांनी माझ्या वडिलांना बोलावून घेतलं आणि मुलगी दिली. अट एकच घातली, मुलगा इथंच राहील. त्याला आम्ही पुण्याला पाठवून वकील करू. वडिलांनी शब्द दिला. पुढं दोन पावसाळ्यांत वडील वारले. शब्द तेवढा राहिला.

पुण्याला जाण्याचं दर वर्षी निघे आणि दर वर्षी राहून जाई. "या वर्षी कामं फार आहेत, पुढच्या वर्षी नक्की," असं सासरे म्हणत. तोवर मी खाली कचेरीत त्यांची कागदपत्रं लिही, पक्षकारांना बसवी, कोर्टात दप्तर नेई. मला जेवायला चांदीचं ताट होतं. अंगावर त्यांनीच शिवून घेतलेला कोट होता. ते मला नावानं कधी हाक मारत नसत. "जावईबापू" म्हणत, अहोजाहो करत. घरातला गडी, स्वयंपाकीणबाई, कचेरीत येणारे पक्षकार, सगळेच जावईबापू म्हणत. एखाद्याला इतक्या मानानं वागवलं, की त्याला तक्रार करायला जागा राहत नाही. सकाळी उठून दूध कुठलं घ्यायचं, कोर्टात पगडी घालायची की टोपी, यांतलं काहीएक मला ठरवावं लागत नसे. यांतलं काहीएक मला ठरवावं लागत नसे. मी त्या घरात चांगला पोसलेला, चांगला बांधलेला होतो.

त्या साली दिवाळी सरली आणि थंडी नेहमीपेक्षा लवकर आली. उगवतीकडून कोरडा वारा सुटला. गच्चीवरची मंडळी उपरणी कानांना गुंडाळून बसू लागली. त्यांत दोघं रोजचे. एक निवृत्त मामलेदार, सासऱ्यांच्या शाळेतले सोबती, छातीनं अधू. दुसरे आमच्या गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेले डॉक्टर. आधी मामलेदार लवकर उठू लागले. मग डॉक्टर एक दिवसाआड येऊ लागले. थोड्याच दिवसांत कळलं, की कापसाच्या एका अडत्यानं आपल्या दिवाणखान्याला काचेच्या खिडक्या बसवल्या आहेत आणि तिथं पत्त्यांचा अड्डा बसतो. डॉक्टर तिकडं जात होते.

एका संध्याकाळी सासरे गच्चीवर एकटेच बसले होते. मी वर गेलो तेव्हा ते पत्ते पिसत होते. वाटत नव्हते, नुसते पिसत होते.

"जावईबापू," ते म्हणाले, "इथं ऊब पाहिजे. काहीतरी चांगलं साधन बघा. काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा. निवड तुमची."

त्या घरात आल्यापासून मला पहिल्यांदा कोणीतरी ठरवायला सांगत होतं. मी हुरळलो आणि चटकन जे सुचलं ते बोलून गेलो. "आबासाहेब, थंडीपुरतं आत दिवाणखान्यात बसलं तर? दारं लावली की वारा लागायचा नाही."

त्यांनी पत्ते खाली ठेवले. "मी साधन बघा म्हटलं," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

रात्री बायकोला मी हे सांगितलं. ती उशीचा अभ्रा बदलत होती. तशीच थांबली.

"आई त्या खोलीत होती शेवटी," ती म्हणाली. "फार दिवस होती. सगळी दारं लावलेली असायची, तिला वारा चालत नव्हता. आबा तिच्या उशाशी बसून असायचे. ती गेल्यापासून ते तिथं कधी बसले नाहीत. त्या खोलीतून जातात तेवढेच, बाहेर गच्चीवर जायला."

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटे, गच्ची ही त्यांची हौस आहे.

"आणखी एक सांगू का?" ती म्हणाली. "आबांनी ठरवा म्हटलं तरी तुम्ही फार मनावर घेऊ नका. त्यांना विचारायला माणूस लागतो. ठरवायला लागत नाही."

पण मी मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भवानी पेठेकडच्या लोहारांच्या दुकानांतून हिंडलो. दप्तर हातात नाही, मागं पक्षकार नाही, स्वतःच्या कामानं मी रस्त्यानं चाललो होतो, ह्याचाच मला आनंद झाला होता. शेगड्या पुष्कळ होत्या. बुटक्या, पसरट, बादलीच्या केलेल्या, कानांच्या, बिनकानांच्या. लोहारानं विचारलं, "खाना पकाने को होना, की हात सेकने को?" मी म्हटलं, "बैठकीसाठी." त्यावर त्यानं मागून एक उंच शेगडी काढली. तीन वळणदार पाय, वर परडीसारखं भांडं, कडेला वेलबुट्टी. कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यासाठी केली होती आणि साहेबाची बदली झाली म्हणून राहून गेली होती. वकिलाच्या गच्चीला ती शोभेल असं मला वाटलं. मी तीच घेतली.

संध्याकाळी तिच्यात कोळसे फुलवले. दिसायला ती खरोखर सुरेख दिसत होती. मामलेदारांना मुद्दाम निरोप पाठवला होता, ते आले. पण आच सगळी वर आभाळात जात होती. तोंडाला झळ लागे आणि पाय गारच राहत. मग वाऱ्याचा झोत आला, भांड्यातून ठिणग्या उडाल्या आणि मामलेदारांच्या नव्या शालीला भोक पडलं.

"असू द्या, असू द्या," मामलेदार शाल झटकत म्हणाले.

सासरे हसले. "जावईबापूंची निवड," ते म्हणाले. "दिसायला चांगलं पाहिलं."

सगळे हसले, मीही हसलो. दुसरं काय करणार? पण ते वाक्य मग गच्चीवर राहिलं. पान जास्त कडक लागलं तर जावईबापूंची निवड, पत्ता चुकीचा पडला तर जावईबापूंची निवड.

पुढं डॉक्टरांनी मुंबईच्या एका दुकानाचं चित्रांचं सूचिपत्र आणून दिलं. त्यात रॉकेलवर चालणारे हीटर होते. काचेची चिमणी, मागं चकचकीत तांब्याचा पत्रा, वर उचलायला कडी. सासऱ्यांनी ते दोन दिवस जवळ ठेवलं. मग मला बोलावलं आणि पान उघडून पुढं केलं. "तुम्हीच बघून ठरवा."

मी एका लहानशा हीटरवर बोट ठेवलं. ते काही बोलले नाहीत. त्याच्या शेजारच्यावर ठेवलं. त्यांनी अडकित्ता उचलून सुपारी कातरायला घेतली. मग माझं बोट सगळ्यांत मोठ्या, दोन वातींच्या हीटरवर गेलं तेव्हा ते म्हणाले, "ठीक आहे. तुमचा आग्रह आहे तर तो मागवू."

रेल्वेनं पेटारा आला. पेंढ्यातून हीटर काढला तेव्हा गल्लीतली माणसं बघायला आली. पहिल्या संध्याकाळी वारा पडलेला होता. हीटर छान जळला, तांब्याच्या पत्र्यातून तांबूस उजेड पडला, मंडळी पुढं सरकून बसली. "मी म्हटलंच होतं," सासरे म्हणाले, "रॉकेलला तोड नाही." दुसऱ्या संध्याकाळी वारा सुटला. वाती फडफडून काळ्या झाल्या, चिमणी काजळली आणि गच्चीभर असा वास सुटला की डॉक्टर कपाळ धरून उठले. "माझं डोकं चढलं," म्हणाले आणि गेले. तिसऱ्या दिवशी आलेच नाहीत.

"जावईबापूंना चित्रं बघून वस्तू घ्यायची हौस," सासरे मामलेदारांना म्हणाले.

मी शेजारीच उभा होतो. त्या वेळी मला राग आला नाही, श्वास कोंडल्यासारखं झालं. साधलं तर ते त्यांचं होतं, बिघडलं तर माझं. घरात दारं मोजू म्हटलं तर किती होती, पण मला बाहेर न्यायला त्यांतलं एकही नव्हतं. वडिलांनी शब्द दिला होता आणि शब्द परत घ्यायला वडील नव्हते. मी जिना उतरून खाली आलो आणि अंधाऱ्या कचेरीत, पक्षकार बसतात त्या बाकावर बसलो. गडी कंदील घेऊन आला. "लई गार हाय की वो जावईबापू, हितं कशाला बसलाय?" त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सासरे कामासाठी आठवडाभर बार्शीला गेले. दुपारी मी गच्चीवर गेलो. हट्टालाच पेटलो होतो म्हणा. आता मला शोभेचं काही नको होतं. वारा नेमका येतो कुठून, एवढंच बघायचं होतं. लहानपणी शेताच्या राखणीला मेंढपाळांच्या जाळाशेजारी बसलो होतो. ते आधी पाठीला आडोसा बघत, मग जाळ करत. मी बोट ओलं करून उभा राहिलो. नीट काही कळेना.

तेवढ्यात बायको वर आली. मंडळींच्या वेळी बायकांनी गच्चीवर यायचं नाही असा रिवाज होता, म्हणून ती जागा तिला फक्त वाळवणापुरती ठाऊक. माझं बोट बघून ती हसली. खाली जाऊन पेटलेली उदबत्ती घेऊन आली.

"धूर बघा," म्हणाली.

मग आम्ही दोघं त्या भर दुपारी उदबत्ती घेऊन गच्चीभर फिरलो. जिथं बैठक अंथरत होते तिथं धूर आडवा पळत होता. कठड्याच्या कोपऱ्यात तो गरगरत होता. पण स्वयंपाकघराकडून वर येणाऱ्या अरुंद जिन्याची खोली होती ना, तिच्या भिंतीलगत धूर सरळ वर चढला. ती तिथं खाली बसली, पाठ भिंतीला लावून. "हितं बघा," ती म्हणाली, घाईत तिच्या तोंडी असं येई, "हितं वारा न्हाईच." मीही बसलो. भिंत दुपारच्या उन्हानं कोमट होती. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं उघड्यावर असे शेजारी कधी बसलो नव्हतो. बराच वेळ बसलो.

बाकीचं सगळं तिनंच पुढं नेलं. परड्याच्या भिंतीपलीकडं विणकरांची वस्ती होती. त्यांच्या बायकांशी ती तेलुगूत बोलत असे, लहानपणापासून शिकली होती. मागातून खोट निघालेल्या जाड चादरी तिनं त्यांच्याकडून मिळवल्या आणि दोन बाजूंनी आडोसा शिवला. मी लोहाराकडं पुन्हा गेलो आणि या वेळी अगदी साध्या, बुटक्या, पसरट शेगड्या निवडल्या, पायाशी ठेवायच्या. एक मोठी नाही, लहान लहान चार. ठिणगी उडू नये म्हणून वर भोकांचा पत्रा करून घेतला. कोळसे खाली परड्यात आधीच पुरते फुलवायचे, धूर सरला की घमेल्यातून वर आणायचे, वर राखेचा हात द्यायचा.

सासरे परत आले. त्यांनी आडोसा पाहिला, शेगड्या पाहिल्या. "गोठ्यासारखं दिसतंय," म्हणाले. पण बसले. थोड्या वेळानं त्यांनी पाय पुढं केले, मग उपरणं कानावरून काढलं. मामलेदार आले ते उठायचं नावच घेईनात. चार दिवसांत डॉक्टर परतले. आठवड्यानं खुद्द कापसाचे अडते आले, तेही शेगडीशी पाय शेकत म्हणाले, "काचा लावून काय होतं साहेब, कोंडल्यासारखं वाटतं. मजा आहे ती इथं."

"आम्ही फार विचार करून व्यवस्था केली," सासरे म्हणाले.

मला त्याचं काही वाटलं नाही. माझी निवड बरोबर होती हे मला ठाऊक होतं, बायकोला ठाऊक होतं. पण ह्या बरोबर निवडीनंच मला जखडलं, हे ध्यानात यायला थोडे दिवस गेले.

त्या शेगड्यांना सारखा माणूस लागे. राख काढायची, निवलेले कोळसे बदलायचे, वारा फिरला की झाकण सरकवायचं. गडी करू लागला तर सासरे म्हणत, "त्याला जमायचं नाही. जावईबापूंचा हात पाहिजे." दिवेलागणीपासून मंडळी उठेपर्यंत मी चिमटा घेऊन भिंतीशी बसू लागलो. खालून बायको घमेलं घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत येई, मी ते तिच्या हातून घेई. "जावईबापू, जरा इकडं," डॉक्टर म्हणत. "जावईबापू, माझ्या पायाशी बघा," अडते म्हणत. अतिशय मानानं म्हणत. दिवसा कचेरीतलं दप्तर आणि संध्याकाळी शेगडी. पुण्याचं तर आता कोणी बोलतही नव्हतं.

संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली. तिथल्या गर्दीत मला माझे जुने मास्तर भेटले. ते आता मंगळवेढ्याच्या शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांनी माझा हात धरला आणि बाजूला नेलं.

"काय करतोस?"

मी सांगितलं. शेगडीचं सांगितलं नाही.

"माझ्याकडं एक मास्तर कमी आहे," ते म्हणाले. "तुझं इंग्रजी चांगलं होतं. येतोस का? पण लगेच कळव. मी जत्रेपुरता इथं आहे."

पुढं काय पाहिलं, कुठून चाललो, ते मला आठवत नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत आनंद आला आणि लगेच गेला, तो गेलेला मी पाहिला.

"आबांना कोण सांगणार?" तिनं विचारलं.

"मीच सांगेन."

"कधी?"

एक दिवस गेला, दुसरा गेला. सकाळी ते पूजेत असत, दुपारी कोर्टात. एकटे असे सापडतच नसत, की मीच त्यांना एकटं सापडू देत नव्हतो, कोण जाणे. शेवटी सांगितलं ते भर बैठकीत. तेही ठरवून नाही. पत्त्यांचा डाव संपला होता. मामलेदारांनी सहज विचारलं, "काय जावईबापू, जत्रेत काय घेतलं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मला मंगळवेढ्याला शाळेत जागा मिळते आहे. घ्यावी म्हणतो."

मी चिमटा हातात धरून उभा होतो. सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. ते रागावतील, वडिलांच्या शब्दाची आठवण देतील, अशी मी मनाची तयारी केली होती.

ते म्हणाले, "मग शेगडी कोण पाहणार?"

डॉक्टर मोठ्यानं हसले. अडतेही हसले. त्यांना ती कोटी वाटली. सासरे हसत नव्हते. ते खरंच विचारत होते. बत्तीच्या उजेडात त्यांचा चेहरा मला एकदम म्हातारा दिसला. मला वाटलं, झालं, आता जन्मभर हा चिमटा.

"मी पाहीन, आबा."

बायको जिन्याच्या तोंडाशी आली होती. घमेलं घेऊन नेहमीसारखी थांबली असणार. मी घ्यायला गेलो नाही, म्हणून तीच वर आली. डोक्यावर पदर, हातांत निखाऱ्यांचं घमेलं, आणि समोर तीन परके पुरुष. मामलेदारांनी नजर खाली घातली.

"तू खाली जा," सासरे म्हणाले.

ती गेली नाही. तिनं घमेलं फरशीवर टेकवलं, माझ्या हातून चिमटा घेतला आणि एकेक निखारा उचलून मामलेदारांच्या पायाशी असलेल्या शेगडीत ठेवू लागली. एकही निखारा खाली पडला नाही. मग राखेचा हात देऊन तिनं झाकण लावलं.

"मला जमतं," ती म्हणाली. "त्यांना जाऊ द्या. मी राहते."

"म्हणजे तू इथं आणि ते तिथं?" सासऱ्यांनी विचारलं.

"थंडी आहे तोवर. थंडी सरली की शेगडीचं काम सरलं. मग मला तिकडं पोचवा."

ती वकिलाचीच मुलगी होती. तेव्हा मामलेदार, मान वर न करता, हळूच म्हणाले, "साहेब, मुदत ठरली. आता मान्य करा."

सासऱ्यांनी पत्ते गोळा केले. पिसून वाटायला सुरुवात केली. तीच मान्यता समजून मी मास्तरांना होकार कळवला आणि चौथ्या दिवशी निघालो. भीमेच्या काठापर्यंत मोटार, पुढं नाव, पुढं बैलगाडी. बायको दारापर्यंत आली होती. सासरे कचेरीत पक्षकाराशी बोलत होते. त्यांनी आतूनच हात वर केला.

मंगळवेढ्याला मी देवळामागं दोन खोल्या घेतल्या. शाळा बरी होती, मुलं चांगली होती. गावाभोवती काळ्या रानात ज्वारी निसवून उभी होती. मी सुटलो होतो, पण सुटल्यासारखं वाटत नव्हतं. दिवेलागण झाली की मला जिन्याच्या तोंडाशी उभी असलेली ती दिसे. माझ्या जागी तिला बसवून मी निघून आलो होतो. ती स्वतःहून म्हणाली होती, हे खरं. पण रात्री एकटं जेवताना तेवढं पुरत नसे.

तिकडं काय चाललं होतं ते तिनं मागाहून सांगितलं. माघ सरला, थंडी पळाली. तरी रोज संध्याकाळी सासरे म्हणत, "अजून गार आहे. शेगड्या आण." ती आणी. शिमगा आला. सोलापुरात तोवर फरशी संध्याकाळीही पायाला चटका देते. तरी शेगड्या पेटत होत्या आणि मंडळी भोवती बसत होती. अडत्यांनी कोट काढून ठेवला. डॉक्टर पुठ्ठ्यानं वारा घेत. मामलेदार घाम पुशीत. कोणीही काही बोललं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, की शेगडी विझली म्हणजे मुलगी जाणार. तीही बोलली नाही. रोज निखारे फुलवून वर नेत राहिली. मग एक दिवस ती घमेलं घेऊन वर आली, तर सासरे एकटेच बसले होते. आडोशाच्या चादरी त्यांनी स्वतः सोडवून, घड्या घालून कठड्यावर ठेवल्या होत्या.

"आज नको," ते म्हणाले. "आता उकडतं."

चैत्रात ते तिला घेऊन स्वतः आले. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. नावेतून उतरताना त्यांचं धोतर भिजलं होतं. त्यांनी दोन्ही खोल्या पाहिल्या, पाणी कुठून आणता ते विचारलं, विहीर लांब आहे म्हणाले. मुख्याध्यापकांना भेटून आले. मी केलेली भाकरी आणि वांग्याची भाजी निमूट जेवले. दुपार कलताच निघाले. मी गाडीपर्यंत गेलो. गाडीत चढताना त्यांनी आधाराला माझा खांदा धरला आणि बसल्यावरही थोडा वेळ सोडला नाही.

"तिला दुपारी झोपायची सवय आहे," ते म्हणाले. "तेवढं असू द्या."

गाडी दिसेनाशी होईतो मी थांबलो आणि परत आलो. बायको आतल्या खोलीत उभी होती. पेटी अजून उघडली नव्हती. तिनं खिडकी उघडून पाहिली, बाहेर देवळाची मागची भिंत होती, म्हणून खिडकी पुन्हा लावून घेतली.

"खोल्या लहान आहेत," ती म्हणाली. मग म्हणाली, "आबा आत्ता नदीपाशी पोचले असतील. घरी गेल्यावर त्यांना पान कोण करून देणार?"

आणि ती रडायला लागली. इतक्या महिन्यांत ती एकदाही रडली नव्हती. तिच्या शेजारी, त्या बंद पेटीवर, मी बसून राहिलो. तिचं रडू ओसरल्यावर तिनं तोंड धुतलं, पदर खोचला आणि घागर कुठं आहे म्हणून विचारलं. आम्ही दोघं विहिरीवर गेलो. तिला भरलेली घागर उचलायची सवय नव्हती. अर्धं पाणी वाटेतच सांडलं. घरी येऊन मी पुन्हा गेलो, तर ती दुसरी घागर घेऊन माझ्यामागून आलीच.